बोलण्यातले मीठ

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात बोलण्याविषयी एक सूचना आहे. तिच्यातला कळीचा शब्द देवळातला नाही, बाजारातला आहे. मूळ ग्रीकमध्ये तो ‘साप्रोस’ असा आहे आणि मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘कुजके’ हा शब्द आला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात हाच ग्रीक शब्द वाईट फळांसाठी आणि जाळ्यात आलेल्या टाकाऊ मासळीसाठी वापरलेला आहे. पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या डोळ्यांपुढे केवळ शिवीगाळ असती, तर त्याला शिवीसाठीचा शब्द सहज मिळाला असता. त्याने नासक्या मालाचा शब्द निवडला. आढीतला एक आंबा नासला की शेजारचे चार डागाळतात. मासळी शिळी असेल तर दोष दिसायच्या आधी वास येतो. ज्याच्या ताटात ते पडते त्याची तब्येत बिघडते, मग विकणाऱ्याचा हेतू काहीही असो.

त्याच वाक्यात पुढे निरोगी बोलण्याच्या खुणा येतात. ते ऐकणाऱ्याला उभे करणारे असावे, त्या वेळच्या गरजेला धरून असावे आणि त्यातून ऐकणाऱ्याला कृपा मिळावी. मराठीत ‘उन्नती’ असा अनुवाद झालेल्या शब्दाचा मुळातला अर्थ घर बांधणे असा आहे. गवंडी वीट हातात घेतो तेव्हा ती कुठे बसणार हे बघतो. नुसती चांगली वीट असून भागत नाही. बरोबर असलेले वाक्य चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसापुढे उच्चारले गेले तर ते या व्याख्येत बसत नाही. ‘मी माझ्या मनातलं बोललो’ हा बचाव म्हणूनच इथे अपुरा पडतो. मोजमाप बोलणाऱ्याच्या मनमोकळेपणाचे नसून ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडले याचे आहे.

कलस्सैकरांस पत्रात हाच विषय मिठाच्या उपमेने येतो: बोलणे कृपायुक्त असावे, मिठाने रुचकर केल्यासारखे. मराठी वाचकाला इथे थोडे थबकावे लागते, कारण ‘मीठमिरची लावून सांगणे’ याचा मराठीतला अर्थ नेमका उलटा आहे. पौलाच्या काळात मिठाची दोन कामे होती, चव आणणे आणि नासणे थांबवणे. गालील सरोवराच्या काठी मासे खारवण्याचा धंदा चालत असे. सुक्या बोंबलाच्या घरात वाढलेल्या कोकणच्या माणसाला ते वेगळे समजावून सांगायला नको. दोन पत्रांतल्या या दोन उपमा शेजारी ठेवल्या की एक सुटसुटीत चित्र मिळते. बोलणे नासू शकते आणि त्याला नासण्यापासून वाचवणारे काहीतरी घालावे लागते. ते अळणी असावे, असे मात्र कुठेही म्हटलेले नाही.

गोड बोलणे आणि निरोगी बोलणे यांची गल्लत फार होते. ज्या अध्यायात कुजक्या बोलण्याची मनाई आहे, त्याच अध्यायात खोटे टाकून खरे बोलण्याची आज्ञा आहे. प्रीतीने सत्य बोला असे सांगितले आहे, आणि राग येणारच हे गृहीत धरून तो सूर्य मावळेपर्यंत ठेवू नका, असेही. येशूने परूशांना ऐकवलेले शब्द गुळचट नव्हते. पौलाने गलतीयांना थेट बुद्धिहीन म्हटले आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचा गुन्हा सांगितला तो एका गरिबाच्या कोकराची गोष्ट रचून. पण राजाचा संताप शिगेला पोहोचताच ‘तो माणूस तूच’ हे सांगायला तो कचरला नाही. मित्राने केलेली जखम वैऱ्याच्या मुक्यांपेक्षा विश्वासाची, हे नीतिसूत्रांचे तत्त्वही याच अंगाने जाते. म्हणजे गोडबोल्या माणूस या कसोटीला आपोआप उतरत नाही. खुशामत हीदेखील नासकी मासळीच. फक्त तिच्यावर बर्फ जास्त असतो.

या साऱ्याचे मूळ शिष्टाचारात नाही, श्रद्धेत आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि सृष्टी होते. योहानाचे शुभवर्तमान ख्रिस्तालाच शब्द म्हणते. शब्दाने काही घडते, ही इथली पायाभूत धारणा आहे. याकोबाने आपल्या पत्रात तिला माणसाची बाजू जोडली: ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, हे एकाच झऱ्यातून गोडे आणि कडू पाणी येण्यासारखे आहे. त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले लगाम, सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी हे दाखले बहुतेकांना ठाऊक असतात. तो अध्याय कुणाला उद्देशून सुरू होतो, ते मात्र सहसा विसरले जाते. पहिलाच इशारा शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना आहे. जिभेचे संकट सर्वांत आधी व्यासपीठावर असते, चावडीवर नंतर.

डोंगरावरील प्रवचनात येशूने ‘राका’ या अरामी शिवीचा उल्लेख केला आहे. तिचा अर्थ साधारणपणे रिकाम्या डोक्याचा असा होतो. शिवी तशी किरकोळ. पण येशू ती खुनाच्या आज्ञेच्या विवेचनात आणतो. माणसाला कमी लेखणारी हाक ही त्याला संपवण्याची सुरुवात आहे, असा तो विचार. महाराष्ट्रात याला वेगळे वजन आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि जालना भागांत एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आली होती. गावात त्यांच्या वाट्याला जातिवाचक हाका आणि वयाचा मुलाहिजा न ठेवता केलेले अरे-तुरे येत असे. उपासनेत त्याच माणसाला ‘भाऊ’, ‘बहीण’ म्हणणे ही म्हणून नुसती रीत नव्हती. आज त्याच घरांत धुणेभांडी करायला येणाऱ्या वयस्क बाईंना कोणत्या सर्वनामाने हाक मारली जाते, याकडे लक्ष दिले तर ‘राका’चा अर्थ लावायला भाष्यग्रंथ लागत नाही.

रोजच्या जगण्यात मात्र सर्वांत जास्त बिघाड समोरच्या माणसाशी बोलताना होत नाही. तो तिथे नसलेल्या माणसाविषयी बोलताना होतो. ख्रिस्ती नीतिशास्त्राने म्हणूनच सर्वांत बारीक काम या जागी केले आहे. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मुळात न्यायसभेतली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी ती नववी मोजतात. कॅथलिक आणि ल्युथरन आठवी. मार्टिन ल्युथर यांनी 1529 मधल्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत ती न्यायसभेतून उचलून अंगणात आणली. शेजाऱ्याची चहाडी करू नये, त्याचे नाव खराब करू नये, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी बरे बोलावे आणि त्याच्या प्रत्येक कृतीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असे त्यांनी घातले. शेवटचे कलम सर्वांत अवघड. जाऊबाईंनी बोलावणे पाठवले नाही याचा चांगला अर्थ लावणे कोणत्याही उपवासापेक्षा कठीण जाते.

1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात शेजाऱ्याच्या अब्रूविरुद्धचे दोष वेगवेगळे केलेले आहेत. पुरेशा आधाराशिवाय मनातल्या मनात एखाद्याला दोषी धरणे हा पहिला. खोटा आळ घेणे हा उघडच मोठा. या दोहोंच्या मध्ये आहे तो विचार करण्याजोगा: एखाद्याचा खराच दोष, सबळ कारण नसताना, ज्यांना तो माहीत नाही त्यांना सांगणे. ‘मी खोटं काय बोलले? विचारा कुणालाही’ हे वाक्य या ठिकाणी निकामी होते. बोलणे खरे असूनही ते चोरी ठरू शकते, कारण चांगले नाव ही त्या माणसाची मालमत्ता आहे. भारतीय कायद्याचा तर्कही याच्या जवळून जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, आणि त्यापूर्वी दंड संहितेच्या कलम 499 मध्ये, बदनामीच्या गुन्ह्याला सत्य हा एकटाच बचाव पुरत नाही. ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते.

‘सबळ कारण’ हे शब्द मात्र तितकेच महत्त्वाचे आहेत. ते पुसले की निंदेची मनाई गुन्हेगाराची ढाल बनते. लहान मुलावर अत्याचार झाल्याचे कळल्यावर ‘मंडळीची अब्रू जाईल’ म्हणून गप्प बसणे हे निरोगी बोलण्यात मोडत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि ती दडवणे हा गुन्हा आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने दिलेला क्रम नेहमीच्या भांडणांसाठी उपयोगी पडतो: आधी चुकलेल्या भावाकडे एकट्याने जावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे, तरीही नाही तर मंडळीला सांगावे. व्यवहारात हा क्रम बहुधा उलटा चालतो. आधी सगळ्या मंडळीला कळते, मग एकदोघांना मध्यस्थीला बोलावले जाते आणि ज्याच्याबद्दल बोलणे आहे त्याच्यापर्यंत ते शेवटी, तिसऱ्याच तोंडून पोहोचते.

चांगल्या इराद्यावर जिभेला सोडता येत नाही, हे ख्रिस्ती परंपरेतल्या जाणत्यांनी लवकर ओळखले. त्यांनी उपदेश केले, तशा युक्त्याही केल्या. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगरात बिशप असलेले संत ऑगस्टीन यांनी आपल्या जेवणाच्या मेजावरच एक पद्य लिहवून घेतले होते. गैरहजर माणसाच्या चारित्र्याचे लचके तोडण्याची ज्याला आवड आहे त्याला या मेजावर जागा नाही, असा त्याचा आशय. त्यांचे चरित्रकार आणि सहकारी पोसिडियस यांनी पुढचा प्रसंगही नोंदवला आहे. एकदा ओळखीचेच काही बिशप जेवताना ती ओळ विसरले आणि रंगात आले. ऑगस्टीन भडकले. एकतर हे पद्य मेजावरून पुसा, नाहीतर मी जेवण टाकून खोलीत जातो, असे त्यांनी सुनावले. या कथेत नियम मोडणारे बिशपच होते, ही गोष्ट पोसिडियस यांनी लपवली नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडात मेथडिस्ट चळवळ वाढत असताना फिरत्या प्रचारकांमध्ये एकमेकांविषयी कुजबुज सुरू झाली. जॉन वेस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1752 मध्ये त्यावर उपाय म्हणून चक्क एक करार लिहून सह्या केल्या. एकमेकांविषयी वाईट ऐकायचे नाही आणि उकरून विचारायचे नाही. कानावर आलेच तर सहज विश्वास ठेवायचा नाही. शक्य तितक्या लवकर ज्याच्याविषयी ऐकले त्यालाच बोलून किंवा लिहून कळवायचे. तोवर तिसऱ्यापाशी एक अक्षर काढायचे नाही. या करारातली खरी हुशारी पहिल्या कलमात आहे, कारण तिथे बंधन जिभेआधी कानाला घातले आहे. चहाडीला दोन माणसे लागतात आणि ऐकणारा मिळाला नाही तर सांगणाऱ्याचा माल पडून राहतो. पुढे 1760 मध्ये वेस्लींचे निंदेच्या उपचारावरचे प्रवचनही छापले गेले. त्याचा आधार मत्तयाचा तोच अठरावा अध्याय.

तिसरे उदाहरण विसाव्या शतकातले. हिटलरच्या राजवटीला वश झालेल्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या कन्फेसिंग चर्चचे फिंकेनवाल्ड इथले पाळकशिक्षणाचे विद्यालय 1935 ते 1937 या काळात डिट्रिख बॉनहोफर चालवत होते. 1937 मध्ये गेस्टापोने ते बंद केले. तिथला एक नियम असा होता की हजर नसलेल्या बांधवाविषयी बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर नंतर त्याला जाऊन तसे सांगायचे. नियमाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कामाचा होता. चूक होणार हे त्यात धरलेले आहे, आणि चूक झाल्यावर करायचे काम इतके लाजवणारे आहे की पुढच्या वेळी जीभ आपोआप अडखळावी. 1939 च्या ‘एकत्र जीवन’ या अर्थाच्या शीर्षकाच्या पुस्तकात बॉनहोफर यांनी जीभ आवरणे आणि ऐकून घेणे या दोन गोष्टींना सेवाकार्याचा दर्जा दिला. इतरांचे ऐकायला ज्याला वेळ नाही त्याला उद्या देवाचे ऐकायलाही वेळ उरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आजच्या मंडळ्यांमध्ये चहाडीने एक सोज्ज्वळ वेष घेतला आहे, तो प्रार्थनाविषयाचा. घरोघरीच्या प्रार्थनासभेत ‘अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करू या, बिचारी माहेरी निघून गेलीय’ असे कुणी म्हणाले की कुणालाच काही आक्षेप घेता येत नाही, आणि प्रार्थना संपून चहा येईपर्यंत सुनेची सगळी हकीकत खोलीभर झालेली असते. व्हॉट्सॅपच्या गटात हे आणखी सोपे. तिथे निरोप पुढे ढकलायला तोंडही उघडावे लागत नाही. काही साध्या मर्यादा यावर उपयोगी ठरतात. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याची आधी परवानगी घ्यावी. नाव आणि तपशील गाळून मागावी. आजाराचे कारण, कर्जाचा आकडा, घरातल्या भांडणाचे मूळ हे प्रार्थनेला लागत नाही. देवाला नाव कळवण्यासाठी गटावर टाकण्याची गरज नसते.

पोप फ्रान्सिस यांनी या विषयाचा पिच्छाच पुरवला होता. 6 सप्टेंबर 2020 रोजी, साथ ऐन भरात असताना, मत्तयाच्या अठराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी कुचाळकीला कोविडपेक्षा वाईट साथ म्हटले. कुटुंबासाठी मात्र त्यांचे सांगणे फार लहान होते: परवानगी मागणारा शब्द, आभाराचा शब्द आणि क्षमेचा शब्द. मराठी घरात या तीन शब्दांचा सरळ अनुवाद करायला गेले की पंचाईत होते. भाकरी वाढणाऱ्या आईला ‘धन्यवाद’ म्हणणारा मुलगा नाटकातला वाटतो, आणि ‘कृपया’ हा शब्द रेल्वे स्थानकावरच्या घोषणेत शोभतो. पण त्यामुळे मराठीत ही सोयच नाही, असे होत नाही. ‘पाणी दे’ आणि ‘जरा पाणी देतेस का’ यांत ती आहे. ‘बरं झालं तू आणलंस’, ‘आज आमटी झकास झालीय’ हे आभारच आहेत. क्षमेला मात्र असा आडमार्ग नाही. ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द वडीलधाऱ्यांनी लहानांपुढे म्हणायचे असतात तेव्हा ते घशात अडकतात, आणि मुले नेमके तिथेच लक्ष ठेवून असतात.

विनोदाचे काय, हा प्रश्न मोठा गमतीचा आहे. इफिसच्या पत्रात पाचव्या अध्यायात जे टाळावे म्हटले आहे त्यात अभद्र बोलणे आणि बाष्कळ बडबड यांच्या जोडीला एक ग्रीक शब्द येतो: ‘युत्रापेलिया’. ॲरिस्टॉटलने हा शब्द सद्गुणांच्या यादीत घेतला होता. विदूषकी चाळे आणि रूक्षपणा यांच्यामधला प्रसन्न हजरजबाबीपणा, असा त्याचा अर्थ. पौलाच्या वेळेपर्यंत त्याला चावटपणाचा रंग चढला असावा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी मूळ अर्थ उचलून धरला आणि थकलेल्या मनाला विसावा देणारी थट्टा सद्गुणात परत बसवली. मराठीत याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ओढग्रस्तीचा संसार आहे, रेव्हरंड टिळकांचा तापट स्वभाव आहे, धर्मांतराने झालेली ताटातूट आहे, आणि तरी पानोपानी हसू आहे. त्या हसण्यात सर्वांत जास्त फजिती लक्ष्मीबाईंची स्वतःची होते. थट्टा कुणाच्या खर्चाने चालली आहे, हे पाहिले की सद्गुण आणि चावटपणा वेगळे काढायला फारसा वेळ लागत नाही.

शपथेचा मुद्दा याहून सरळ आहे. होय तर होय, नाही तर नाही एवढेच बोलावे, असे येशूने सांगितले आणि याकोबाने ते पुन्हा बजावले. ‘आईशपथ’, ‘देवाशपथ’, ‘गळ्याची आण’ ही मराठी बोलण्यातली मसाल्याची पाने आहेत; ख्रिस्ती घरांत मुलांना त्यांवरून टोकले जाते, तसेच दचकल्यावर येशूचे नाव उद्गारासारखे काढण्यावरूनही. कारण असे की शपथ घेतलेले वाक्य खरे, म्हणजे न घेतलेले जरा सैल, अशी कबुली शपथेत दडलेली असते. क्वेकर पंथाच्या लोकांनी हे शब्दशः घेऊन न्यायालयात शपथ नाकारली आणि तुरुंगवास सोसला; अखेर 1696 मध्ये इंग्लंडात त्यांच्यासाठी नुसत्या प्रतिज्ञेची सोय झाली. बहुतेक मोठ्या चर्चना न्यायालयातली शपथ चालते. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वराच्या नावाची शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन पर्याय आहेत, आणि 1969 च्या शपथविषयक कायद्याने साक्षीदारालाही प्रतिज्ञेची मुभा आहे.

उपासनेतही ओठांची आठवण ठेवलेली असते. मिस्सात शुभवर्तमान वाचण्यापूर्वी कॅथलिक भाविक कपाळावर, ओठांवर आणि छातीवर अंगठ्याने लहान क्रूस काढतो. पापकबुलीच्या सामूहिक प्रार्थनेत विचारांच्या लगेच मागे शब्दांचे पाप येते, कृतीचे नंतर. मठवासीयांची सकाळची प्रार्थना देवाने ओठ उघडावेत या विनंतीने सुरू होते. म्हणजे दिवसाचा पहिला शब्दही मागून घेतलेला.

बिघडलेले बोलणे दुरुस्त कसे करायचे, याबद्दल परंपरा व्यवहारी आहे. सोळाव्या शतकातल्या रोममधले संत फिलिप नेरी यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. चहाडीची कबुली द्यायला आलेल्या बाईंना त्यांनी कोंबडीची पिसे उपटत रस्त्याने जायला सांगितले आणि मग ती सगळी वेचून आणायला. ती मिळाली नाहीत, हे सांगायला नकोच. गोष्टीचे तात्पर्य हताश करणारे असले तरी धर्मशिक्षण तिथे थांबत नाही. पाकीट चोरले तर क्षमा मिळूनही पाकीट परत करावे लागते, तसे नाव खराब केले असेल तर ते भरून द्यावे लागते. आळ खोटा होता तर तो खोटा होता असे सांगायचे. दोष खराच होता तर ‘तो खोटा होता’ असे आता म्हणता येत नाही, कारण ते दुसरे खोटे होईल. तेव्हा त्या माणसाचे खरे गुण सांगायचे, आणि झालेल्या नुकसानीत जमेल तो हातभार लावायचा. हे ज्यांच्यापुढे बिघडवले त्यांच्यापुढेच करायचे असते. साठ जणांच्या गटावर टाकलेल्या निरोपाची माफी त्या एकट्याला खासगीत पाठवून भागत नाही. ती त्याच साठ जणांच्या गटावर, स्वतःच्या नावाने लिहावी लागते.